नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरच्या रिफर्बिश्ड दुकानातून घेतलेली जोडी : घरच्या फायरवॉलला एचपी, फाइल सर्व्हरला डेल

आधीच सांगतो, घरच्या फायरवॉलला (इंटरनेट आणि घरचं नेटवर्क यांच्यामधला पहारेकरी) आणि फाइल सर्व्हरला (घरच्या फाइल्स एका जागी ठेवणारं मशीन) नवीन मशीन घ्यायची अजिबात गरज नाही. कंपन्यांमधून निघालेले ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर याच कामासाठी बेस्ट आहेत, आणि त्यासाठी आता मुंबईलाही जावं लागत नाही. पूर्वी पंचवटीने दादर, तिथून लॅमिंग्टन रोड, अख्खा दिवस जायचा, आणि घरी आणल्यावर वस्तू चालली नाही तर बदलायला परत कोण जाणार? यावेळी कॅनडा कॉर्नरजवळच्या एका छोट्या दुकानातून दोन मशीन घेतल्या, फायरवॉलसाठी एचपी टी६२० प्लस थिन क्लायंट (सर्व्हरला जोडून वापरायचा छोटा पीसी) आणि फाइल्ससाठी डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० मिनी टॉवर, आय५-४५९०, ८ जीबी रॅम. हार्डडिस्क काढून घ्यायला सांगितली म्हणून डेल १०,००० च्या आत बसला.

दुकानाची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दुकानदार दादा स्वतःहून पत्रा काढून मशीन टेबलावर ठेवतात आणि "बघा निवांत" म्हणतात. मी टॉर्च मारून बोर्डावरचे कपॅसिटर बघितले, एकही फुगलेला नव्हता, हीटसिंकमध्ये मात्र धूळ गच्च बसलेली आणि पेस्ट पार वाळून गेलेली. दादांनी माझ्यासमोर ब्लोअर मारला, नवीन पेस्ट लावून दिली, वेगळे पैसे नाही घेतले. पेनड्राइव्हवर लिनक्स नेलं होतं ते लावू दिलं, मेमटेस्टचा (रॅम तपासणारा प्रोग्राम) एक पूर्ण पास होईपर्यंत थांबू दिलं. जो दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नाही त्याच्याकडून जुना माल घेऊच नका, मग किंमत कितीही कमी असो.

प्रोसेसरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच लोक फसतात. ओपनव्हीपीएन किंवा आयपीसेक (बाहेरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारे व्हीपीएन) चालवायचं असेल तर प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय (एईएस एनक्रिप्शन वेगात करायची सोय) पाहिजे, नाहीतर एनक्रिप्शनचा सगळा भार साध्या कोअरवर पडतो. कोअर टू ड्युओमध्ये ते नाहीच, दुसऱ्या जनरेशनच्या आय५ मध्ये आहे पण आय३ मध्ये नाही, चौथ्या जनरेशनला आय३ मध्येही आलं पण त्याच काळातल्या पेंटियममध्ये नाही. त्यामुळे "चौथी जनरेशन आहे साहेब" एवढ्यावर भागत नाही, पूर्ण मॉडेल नंबर विचारा. फक्त वायरगार्ड हे व्हीपीएन वापरणार असाल तर एईएसचा प्रश्नच येत नाही, ते चाचा२० या वेगळ्या एनक्रिप्शनवर चालतं. आणि ३२ बिटवाली जुनी खोकी तर विसराच, पीएफसेन्स या फायरवॉलच्या सॉफ्टवेअरने २०१७ मध्येच त्यांचा सपोर्ट बंद केला.

लाइटबिलाचं गणित घेण्याआधी करा. ही मशीन २४ तास चालू राहणार, १ वॅट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. २५ वॅट खाणारा डबा महिन्याला १८ युनिट घेतो, १०० वॅटचा ७२. म्हणून स्वस्तात दिसणारे रॅक सर्व्हर घरी आणू नका, दोन झिऑन (सर्व्हरचे प्रोसेसर) आणि २४ जीबी रॅम बघून मोह होतो हे खरं आहे, पण आवाज आणि बिल दोन्ही घरच्यांना सहन होणार नाही.

फायरवॉल आणि फाइल सर्व्हर एकाच डब्यात प्रॉक्समॉक्सवर (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) बसवता येतात, ९०२० मध्ये व्हीटी-डी (कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला द्यायची सोय) पण आहे, तरी मी वेगळेच ठेवलेत. रॅम वाढवायला किंवा डिस्क बदलायला मशीन बंद केली की घरातलं नेटच जातं, आणि मीटिंग नेमकी तेव्हाच असते. टी६२० घेताना प्लसच बघून घ्या, साध्या टी६२० मध्ये कार्डचा स्लॉट नाही, प्लसमध्ये आहे. त्यात इंटेलचं दोन पोर्टचं नेटवर्क कार्ड टाकून ओपीएनसेन्स (हेही फायरवॉलचं सॉफ्टवेअर) चढवलं. ओपीएनसेन्स, पीएफसेन्स दोन्ही फ्रीबीएसडीवर आहेत आणि तिथे रिअलटेकपेक्षा इंटेलचं कार्ड निमूट चालतं, यूएसबी लॅनच्या तर नादी लागू नका. इंटेलची आय३५० कार्डं नकली भरपूर फिरतात, त्यामुळे कोरं पॅकबंद कार्ड फारच स्वस्तात मिळत असेल तर संशय घ्या, त्यापेक्षा सर्व्हरमधून निघालेलं, एचपी किंवा डेलचं लेबल असलेलं जुनं कार्ड बरं. कार्डाचं ब्रॅकेट (डब्याला अडकवायची पट्टी) छोटं पाहिजे हे आधी सांगा, दादांकडे मोठं होतं, छोटं मागवून द्यायला थोडा वेळ लागला.

डिस्क मात्र नवीनच. दुकानात जुन्या १ टीबीच्या थप्प्या आहेत, मी उत्सुकता म्हणून एक लावून स्मार्ट (डिस्कची तब्येत सांगणारी नोंद) बघितलं तर पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) दिसले, दादांनी लगेच ती बाजूला काढली, हे मला आवडलं. पण आई-बाबांचे फोटो अशा डिस्कवर ठेवायची माझी तयारी नाही. नवीन घेताना सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे का बघा, २०२० मध्ये डब्ल्यूडी रेडच्या काही डिस्क एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) निघाल्यावर बराच गदारोळ झाला होता, झेडएफएस या फाइल सिस्टिमला त्या रीबिल्डच्या वेळी त्रास देतात. रेड प्लस किंवा आयर्नवुल्फ घ्या, दोन घेऊन मिरर करा (दोन्हींवर तोच डेटा), आणि तरीही तिसरी कॉपी घराबाहेर ठेवा. ईसीसी रॅम (चुका स्वतः पकडून सुधारणारी) हवीच असेल तर ९०२० तुमच्यासाठी नाही, डेल टी२० किंवा लेनोवो टीएस१४० शोधा, पण ते नाशिकमध्ये मला तरी कुठे दिसले नाहीत.

यूपीएस वेगळा घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते-येते, आणि घरचा इन्व्हर्टर उचलतो त्या क्षणात मशीन रीस्टार्ट होऊ शकते. फाइल सर्व्हरला ते चालत नाही. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर नट (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरून मशीन आपोआप नीट बंद होते.

दुकानाबद्दल दोन तक्रारी आहेत. वॉरंटी फक्त महिनाभर, आणि जीएसटी बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा मागून घ्या, सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या. ९०२० चा पॉवर सप्लाय साध्या २४ पिनचा नाही, डेलचा स्वतःचा ८ पिनचा कनेक्टर आहे, त्यामुळे तो गेला तर बाजारातला कुठलाही सरळ बसत नाही, कन्व्हर्टर केबल लागते. दादांकडे बंद मशीनमधून काढलेले सप्लाय असतात, मशीन घेतानाच एक जास्तीचा मागून ठेवा.