आखूड नळीचे, मोठ्या फ्रेमचे रिव्हॉल्व्हर : अलास्कातील एका हंगामानंतर

रिव्हॉल्व्हरची नळी आखूड केली की ते लहान होते, असा सर्वसाधारण समज आहे. मोठ्या फ्रेमच्या बाबतीत तो फारच थोडा खरा आहे. स्मिथ अँड वेसनची एन फ्रेम, म्हणजे त्या कंपनीच्या रिव्हॉल्व्हरचा मोठा सांगाडा, १९०८ पासून चालत आलेली आहे आणि .४४ मॅग्नम या जोरदार जातीची सहा काडतुसे सामावून घेणारे तिचे सिलिंडर सुमारे ४३ मिलिमीटर जाड असते. नळी चार इंचांची असो की अडीच, ही जाडी तसूभरही कमी होत नाही, आणि अंगावर वागवताना जाणवते ती ही जाडीच. मग आखूड नळी घ्यायची कशासाठी? अँकरेजच्या परिसरात मासेमारी आणि पायी भटकंती करताना अस्वलांपासून संरक्षणासाठी तीन इंची नळीचे, स्टेनलेस स्टीलचे, याच एन फ्रेमवरचे मॉडेल ६२९ बर्फ वितळल्यापासून पुन्हा बर्फ पडेपर्यंत छातीवर वागवल्यानंतर माझे उत्तर असे आहे की, ती लपवण्यासाठी नसून चटकन बाहेर काढता यावे यासाठी घ्यावी.

येथे कमरेचा पट्टा शस्त्रासाठी मोकळा राहतच नाही. येथल्याच रशियन नावाच्या नदीत लाल सामन मासे धरायला उतरताना छातीपर्यंतचे वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरण्याचे जलरोधक कपडे, घातलेले असतात, डोंगरात चढताना पाठीवरच्या सॅकचा पट्टा कमरेवर आवळलेला असतो, आणि म्हणून बहुतेक जण छातीवर तिरके बसणारे होल्स्टर वापरतात. सहा इंची नळी तेथून उपसायची तर कोपर बरेच वर न्यावे लागते. शिवाय मासा सोडवायला वाकले की तिचे टोक पोटात रुतते. तीन इंची नळीचा हा जाच अजिबात होत नाही, गाडीत पट्टा लावून बसतानाही होत नाही, आणि हात सहज जातो तेथेच मूठ सापडते. या एका गुणासाठी मी तिचे बाकीचे तोटे पत्करले आहेत.

आता तीनच इंच का, अडीच का नाही, हा प्रश्न अर्ध्या इंचाचा वाटत असला तरी निवडीत तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. सिलिंडर उघडून रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी नळीखाली बसते. नळी फार आखूड झाली की दांडीही आखूड करावी लागते. .४४ मॅग्नमची पुंगळी सुमारे ३२.६ मिलिमीटर लांब असते, आणि आखूड दांडी तिला पूर्ण बाहेर काढू शकत नाही. जोरदार काडतुसांच्या फुगलेल्या पुंगळ्या अर्ध्यावर अडकतात आणि बोटांनी उपसाव्या लागतात. रेंजवर एका परिचितांचे अडीच इंची रिव्हॉल्व्हर वापरताना मी हे अनेकदा पाहिले. तीन इंचांत दांडीला पुरेशी लांबी मिळते, आणि नळीचे तोंड वर धरून तळहाताने एकच ठाम दाब दिला की सहाही पुंगळ्या खाली पडतात. अस्वलासमोर दुसऱ्यांदा भरण्याची वेळ बहुधा येणारच नाही, हे मान्य आहे. परंतु सरावाच्या दिवशी ती वेळ सतत येते, आणि जे शस्त्र सरावात वैताग आणते त्याचा सराव होत नाही.

वजनाविषयी दुकानात मिळणारा सल्ला नेमका उलटा असतो असे माझे मत झाले आहे. स्मिथ अँड वेसनचेच ३२९ पीडी हे स्कँडियममिश्रित फ्रेमचे आणि टायटॅनियमच्या सिलिंडरचे रिव्हॉल्व्हर सातशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि हातात घेताच मोहात पाडते. मात्र काडतूस तेवढ्याच ताकदीचे असल्यामुळे वाचलेल्या प्रत्येक ग्रॅमची किंमत मनगट मोजते. शिवाय इतक्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्यामुळे न उडालेल्या काडतुसांतील गोळ्या पुंगळीतून पुढे सरकण्याचा धोका वाढतो. त्यातली एखादी सिलिंडरबाहेर डोकावली तर सिलिंडर फिरायचेच थांबते. दुसऱ्या टोकाला रुगरचे सुपर रेडहॉक अलास्कन आहे : अडीच इंची नळी, सव्वा किलोच्या आसपास वजन आणि २००५ मध्ये बाजारात आले तेव्हापासून .४५४ कॅसलसारख्या काडतुसासाठी घडवलेली दणकट फ्रेम. ते भक्कम आहे यात शंका नाही, पण दिवसभर छातीवर घेऊन चिखलातून चालणाऱ्याला ते जड होते. तीन इंची ६२९ यांच्या मधोमध, एक किलोच्या थोडे वर आहे, आणि ते वजन माझ्या खांद्यांना दोन आठवड्यांत अंगवळणी पडले. स्मिथ अँड वेसनच्या थोड्या लहान एल फ्रेमवरचे मॉडेल ६९ आणखी किंचित सडपातळ आणि एक किलोच्या आत आहे. एक काडतूस कमी चालत असेल, म्हणजे सहाऐवजी पाच, तर त्याचा विचार जरूर करावा. जेथे फक्त काळी अस्वले आहेत अशा कोलोरॅडोसारख्या भागात राहणाऱ्यांना मी .४४ सुचवणारच नाही. मॉडेल ६२७ मध्ये त्याच एन फ्रेमवर .३५७ मॅग्नमची आठ काडतुसे बसतात आणि धक्का बराच सौम्य असतो.

आखूड नळीची खरी किंमत वेगापेक्षा आवाजात मोजावी लागते. नळी कमी झाली की दर इंचामागे गोळीचा वेग ढोबळमानाने सेकंदाला ५० फुटांनी घटतो, आणि ३०० ग्रेनच्या (सुमारे १९ ग्रॅमच्या) आसपासच्या जड, सपाट नाकाच्या, कडक शिशाच्या गोळीला एवढी घट फारशी बाधत नाही, कारण तिचे काम खोलवर शिरण्याचे असते. पण बाराची ज्वाला आणि दणका मात्र नेम धरणाऱ्याच्या तोंडाशी येतात. रॅबिट क्रीकच्या मोकळ्या रेंजवरसुद्धा मी कानात बोंडे आणि वर मफ्स, म्हणजे कान झाकणारी टोपणे, असे दोन्ही लावतो. सरावाचा बहुतेक भाग .४४ स्पेशल या सौम्य काडतुसांवर करावा. ती त्याच सिलिंडरमध्ये चालतात आणि चाप ओढण्याची सवय तीच लागते. फक्त त्यांची पुंगळी आखूड असल्यामुळे कप्प्यांत पुढे काजळीचे कडे साचते, ते ब्रशने घासून काढले नाही तर नंतर मॅग्नम काडतुसे आत पूर्ण बसत नाहीत. घोडा मागे ओढून निवांत मारलेल्या बारांची आकडेवारी मिरवण्यात अर्थ नाही; सराव सलग चाप ओढूनच करावा, कारण गरज पडली तर तसाच बार काढावा लागेल.

येथील अनेक जण आता रिव्हॉल्व्हर सोडून १० मिलिमीटरच्या पिस्तुलांकडे वळले आहेत, आणि ग्लॉक २० मध्ये १५ काडतुसे मावतात हा युक्तिवाद हलका नाही. तरीही अस्वलाच्या अंगाला टेकवून बार काढावा लागला तर पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे दाबली जाऊन बार अडू शकतो, रिव्हॉल्व्हरचा अडत नाही. माझ्या निवडीमागे हे एक कारण पुरेसे होते. अर्थात माझ्या छातीवर रिव्हॉल्व्हर असले तरी पट्ट्याला बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, असतोच, आणि हात आधी त्याच्याकडे जावा अशी सवय मी लावून घेतली आहे. अलास्कातील घटनांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपकिरी अस्वलांचे नको ते वर्तन स्प्रेने ९२ टक्के प्रसंगी थांबवल्याचे आढळले. शिवाय स्वसंरक्षणार्थ अस्वल मारले तर त्याचे कातडे आणि कवटी काढून राज्याकडे जमा करावी लागते आणि लेखी अहवाल द्यावा लागतो, हेही येथे नव्याने येणाऱ्यांना ठाऊक नसते.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी थोडे कायद्याविषयी. ग्रीन कार्ड असेल तर दुकानात ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरून आणि पार्श्वभूमी तपासणी पार करून खरेदी करता येते. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर मात्र, शिकारीच्या वैध परवान्यासारखा अपवाद लागू होत नसेल तर, शस्त्र बाळगणेच गुन्हा आहे. मित्राचे रिव्हॉल्व्हर रेंजवर हातात घेणेही त्यात मोडू शकते, म्हणून आग्रह झाला तरी नम्रपणे नकार द्यावा. राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र जवळ ठेवता येते, परंतु तेथील माहिती केंद्रांच्या इमारतींत ते नेता येत नाही.

अलास्कातून गाडीने खाली सिअ‍ॅटलकडे जाण्याचा विचार असेल तर नळीची लांबी पुन्हा आडवी येते. रस्ता कॅनडातून जातो, आणि तेथे १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीची हँडगन प्रतिबंधित वर्गात मोडते, म्हणजे तीन इंची तर सोडाच, चार इंची नळीही त्यात येते. त्यामुळे अशा प्रवासात माझे रिव्हॉल्व्हर घरच्या तिजोरीत राहते. विमानाने जाणार असेन तर ते रिकामे करून, कुलूपबंद कडक पेटीत घालून, काउंटरवर तसे सांगून सामानात देतो. स्प्रे मात्र विमानात सामानातूनही नेता येत नाही, तो उतरल्यावर नवा घ्यावा लागतो.