‘आयदान’ आधी की ‘ब्र’?

आजच्या स्त्रीचे जगणे समजून घ्यायला ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) हे आत्मकथन आधी घ्यावे की कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) ही कादंबरी, यावर ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर आम्हा पाच मैत्रिणींचा बराच खल झाला.

‘ब्र’चा आवाका मोठा आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, तरी सरपंचबाईच्या खुर्चीमागून कारभार दुसराच कोणी कसा हाकतो, हे ती उघड करते. मात्र कादंबरीवर बोलताना आम्ही पात्रांचे निवाडे करत बसतो आणि स्वतःविषयी अवाक्षर काढत नाही.

‘आयदान’ ती पळवाट ठेवत नाही. आई बांबूची सुपे-टोपल्या विणते आणि त्या विणीशी लेक आपल्या लेखनाचे नाते जोडते. जात, नोकरी, संसार आणि चळवळ यांचे धागे तिथे सुटे करताच येत नाहीत. लग्नानंतर एम.ए. करतानाच्या तिच्या ओढाताणीवर बोलता बोलता आमच्यातील एकीने स्वतःच्या अर्धवट राहिलेल्या बी.एड.ची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली, तेव्हा सगळ्यांचे चहा निवून गेले होते.

माझे मत ‘आयदान’ला. ‘ब्र’ दिवाळीनंतर घेऊ. गर्दीच्या लोकलमध्ये एवढे जाड पुस्तक उघडायचे तरी कसे, हा प्रश्न वेगळाच.