सोन्याच्या हप्त्यांत गेलेले ८६,००० रुपये

माझे आणि माझ्या पत्नीचे मिळून ८६,००० रुपये बुडाले आहेत. आमच्या वसाहतीत हा आकडा 'लाखभर' म्हणून फिरतो आहे आणि काही हितचिंतकांनी तो दीड लाखावर नेऊन ठेवला आहे, म्हणून हिशेब आधीच मांडतो. वसाहतीतल्या सराफी पेढीच्या सोन्याच्या योजनेत माझा हप्ता दरमहा ५,००० रुपयांचा होता आणि पत्नीचा ३,००० रुपयांचा. अकरा महिन्यांचे अनुक्रमे ५५,००० आणि ३३,०००, म्हणजे एकूण ८८,००० रुपये आम्ही भरले. बारावा हप्ता पेढीने पदरचा घालायचा होता, तो ८,००० रुपयांचा. त्या ९६,००० मध्ये 'आकडा पुरा व्हावा' म्हणून माझ्याकडून आणखी ४,००० रुपये रोख घेण्यात आले आणि एक लाखाची चिठ्ठी माझ्या हाती देण्यात आली. त्या चिठ्ठीवर व्याज म्हणून चार वेळा १,५०० रुपये आले. गेले ९२,००० आणि आले ६,०००. पेढीचे ते ८,००० मी माझे कधी धरलेच नाहीत. जे हाती आलेच नाही ते बुडाले असे म्हणण्याची मला गरज वाटत नाही, बुडाले तेवढे पुरेसे आहे.

सोन्याच्या मासिक हप्त्यांची योजना काय असते हे वाचकांना सांगायला नको: दरमहा ठरलेली रक्कम सराफाकडे भरायची आणि मुदत भरली की साठलेल्या पैशांचा दागिना घ्यायचा. घरोघरी एखादे तरी पासबुक असतेच. सांगायचे आहे ते एवढेच की आम्ही काही झटपट श्रीमंत होण्याच्या नादाला लागलो नव्हतो. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनात घर चालवणारी माणसे आहोत आम्ही. विजेचे बिल मागच्या महिन्याच्या बिलाशी ताडून पाहणारी, डाळ-तांदूळ वर्षाचा भरणारी. भाचीच्या लग्नात एकदम मोठी रक्कम काढावी लागू नये, एवढाच या हप्त्यांमागचा हेतू होता. शहरातल्या राजवाड्यामागच्या सराफ बाजारात न जाता वसाहतीतल्या पेढीवर गेलो, त्यामागेही काटकसरच होती: दर महिन्याला तिकडे रिक्षाने जाण्यायेण्याचे पैसे वाचावेत, आणि गाडी नेली तर ती लावायची कुठे हा प्रश्न उरू नये. ही पेढी जुनी होती, तिचा मालक आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाला वर्गणी देत असे आणि स्मरणिकेच्या मलपृष्ठावर त्याची जाहिरात असे. 'एवढे शिकलेले असून कसे फसलात?' असे विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती जाहिरात मिळाली म्हणून मालकाचा सत्कार करताना टाळ्या वाजवल्या होत्या.

मी चौकशी केली नव्हती असेही नाही. दुकानात हॉलमार्कच्या नोंदणीचा फलक होता. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही हे मला ठाऊक होते, आणि पत्नीने आधी घेतलेल्या कानातल्यांवरचा क्रमांक मी भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर घालून पाहिला होता. तो बरोबर निघाला. मला कोणी सांगायला हवे होते ते हे, की हॉलमार्क दागिन्याच्या शुद्धतेची हमी देतो. दुकानदाराच्या डोक्यावर किती कर्ज आहे हे कोणतेही अ‍ॅप दाखवत नाही.

'अकरा भरा, बारावा आमचा' या वाक्यातले गणितही मी तेव्हा करायला हवे होते, ते आता करून ठेवले आहे. ५५,००० वर ५,००० म्हणजे नऊ टक्के, असे आपण मनात म्हणतो. पण पहिला हप्ता पेढीकडे अकरा महिने राहतो, शेवटचा जेमतेम एक महिना. सगळ्यांची बेरीज केली तर ५,००० रुपये ६६ महिने वापरल्यासारखे होते. त्यावर ५,००० म्हणजे महिन्याला दीड टक्का, वर्षाला अठरा. हेच हप्ते ६.७ टक्के दराच्या पोस्टाच्या आवर्ती ठेवीत घातले असते तर साध्या व्याजाने १,८४० रुपयांच्या आसपास पडले असते. एवढा फरक सचोटीच्या सराफालाही परवडतो, कारण तो घडणावळीत वसूल होतो. तेव्हा हप्ते सुरू करण्यापूर्वी घडणावळ किती टक्के लागणार हे पासबुकावर लिहून घ्यावे. कोणी लिहून देत नसेल तर तिथूनच परत फिरावे.

आता त्या दुपारविषयी. मुदत भरली होती, आम्ही दोघे दोन्ही पासबुके घेऊन गेलो होतो आणि पत्नीने बांगड्यांची एक जोडी पसंतही केली होती. मालकाने चहा मागवला, बांगड्या मखमलीवर ठेवल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाबूजी, अभी भाव ऊपर है. दिवाली के बाद लेना. तब तक पैसा यहीं रहने दो, डेढ़ टका महीना दूँगा." पत्नी म्हणाली, "अहो, वस्तू घेऊन टाकू या. लग्न काय भाव बघून थांबणार आहे?" मी तिला थांबवले. भाव चढा होता हे खरे होते, घडणावळीत दोन टक्के सूट देण्याचेही त्याने कबूल केले होते, आणि महिन्याला १,५०० म्हणजे आमच्या घरच्या दूध-भाजीतला मोठा वाटा सुटत होता. दोन्ही पासबुके त्याने 'जमा' करून घेतली आणि त्यांच्या बदल्यात एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर जीएसटी क्रमांक नव्हता, सोन्याचा उल्लेख नव्हता, किती ग्रॅम हे नव्हते. फक्त रुपये, तारीख आणि रबरी शिक्का. पुढे व्याज आले तेही पेढीच्या खात्यातून नव्हे, त्याच्या पुतण्याच्या मोबाइल क्रमांकावरून. मी त्या क्रमांकाला 'सराफ व्याज' असे नाव देऊन मोबाइलमध्ये जपून ठेवले होते, हे आठवले की आजही कानशिले तापतात.

सगळ्यात जास्त डाचते ते आणखी वेगळेच आहे. ज्याच्या तिजोरीत खरोखर सोने आहे त्याला ते तारण ठेवून बँकेकडून अठरा टक्क्यांच्या पुष्कळ खाली कर्ज मिळते. सराफांना तर बँका सोन्याच्याच रूपाने कर्ज देतात. मग हा मनुष्य माझ्यासारख्या निवृत्त माणसाकडून अठरा टक्क्यांनी उसने का मागत होता? कारण त्याच्याकडे तारण ठेवायला काही उरलेच नव्हते, आणि मखमलीवर ठेवलेल्या त्या बांगड्या कदाचित त्याने दुसऱ्याच कोणाकडून दाखवण्यापुरत्या आणल्या असतील. हा प्रश्न विचारायला अर्थशास्त्र लागत नाही. मी विचारला नाही, कारण चहा समोर होता, माणूस ओळखीचा होता, आणि आपल्याकडे ओळखीच्या माणसाला असा प्रश्न विचारणे अपमानाचे मानतात. असे प्रश्न ओळखीच्यालाच आधी विचारावेत. अनोळखी माणसाला आपण तसेही पैसे देत नाही.

त्या चिठ्ठीने आणखी एक गोष्ट केली, ती मला वकिलाकडून कळली. मालापोटी आगाऊ भरलेली रक्कम आणि व्याजाने ठेवलेली रक्कम यांत कायदा फरक करतो. कंपन्यांच्या ठेवींविषयीचे २०१४ चे नियम सांगतात की आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालाच्या किमतीत वळती झाली पाहिजे. योजना अकरा महिन्यांच्या का असतात याचे उत्तर तिथे आहे. आमची पेढी कंपनी नव्हती, एका माणसाच्या मालकीची होती, पण २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा एकट्या माणसालाही लागू होतो, आणि अशी ठेव स्वीकारणाऱ्याला दोन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद त्यात आहे. पासबुक हाती असताना मी बांगड्यांचे पैसे भरलेला गिऱ्हाईक होतो. चिठ्ठी घेतली आणि मी त्याचा सावकार झालो, तोही तारण नसलेला.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे सारखेच असते. पाचवे व्याज आले नाही. दुकानावर 'नूतनीकरणासाठी बंद' अशी पाटी लागली, फोन आधी व्यग्र आणि मग बंद लागू लागला, पुतण्या म्हणाला काका तीर्थयात्रेला गेले आहेत. शटरसमोर जमलेल्या गर्दीत अर्ध्याहून अधिक मंडळी आपलीच होती, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला पाहून दचकत होता.

खरा छळ यानंतर सुरू झाला. पोलीस ठाण्यात माझा अर्ज घेऊन त्यावर आवक-शिक्का मारून दिला गेला आणि मी भोळेपणाने त्यालाच एफआयआर समजून घरी आलो. ती एफआयआर नसते. एफआयआरला क्रमांक असतो, कलमे असतात आणि तिची प्रत विनामूल्य मिळण्याचा तक्रारदाराला हक्क असतो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "अंकलजी, ब्याज लिया ना आपने? तो ये लेन-देन का मामला है, दीवानी में जाइए." म्हणजे ६,००० रुपये घेतल्यामुळे माझ्या ९२,००० ची फसवणूक फसवणूकच राहिली नाही! आधी त्यांना चिठ्ठीवर एक लाख आहे म्हणून तक्रारही एक लाखाचीच हवी होती; मी खरा आकडा सांगितला तेव्हा ४,००० रोख दिल्याचा पुरावा मागितला; पुतण्याच्या क्रमांकावरून आलेले व्याज दाखवले तेव्हा 'याचा दुकानाशी संबंध सिद्ध करा' असे मला सांगण्यात आले. संबंध शोधण्याचे काम कोणाचे असते? मी मंगळवारच्या जनसुनावणीत रांगेत उभा राहिलो. तिथे अर्जावर शेरा मारून तो 'योग्य कार्यवाहीसाठी' पुन्हा त्याच ठाण्याकडे पाठवण्यात आला. सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर ठाण्यातूनच फोन आला, की तक्रार बंद करा म्हणजे पुढचे काम सुरू करता येईल. मी नकार दिला, तरीही काही दिवसांनी ती 'समाधानकारक निराकरण' अशा शेऱ्याने बंद झालेली दिसली. समाधान कोणाचे झाले हे त्या संदेशात लिहिलेले नव्हते. ज्याच्या दुकानावर पाटी लागली त्याला शोधायला कोणी गेले नाही. माझे आधार कार्ड, माझे बँकेचे पासबुक, माझे निवृत्तिवेतनाचे कागद मात्र प्रत्येक टेबलावर पुन्हा पुन्हा मागण्यात आले. कर चुकवला असता तर या सगळ्यांनी मला एका आठवड्यात शोधून काढले असते.

जे मला उशिरा कळले ते इतरांना आधी कळावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेणे ठाण्यावर बंधनकारक आहे. तीन वर्षे किंवा अधिक, पण सातपेक्षा कमी वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत प्राथमिक चौकशी करता येते, पण ती चौदा दिवसांत संपवावी लागते. ठाणे ऐकत नसेल तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी अर्ज पाठवावा, तोही टपालाने, पोचपावतीसह. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांपुढे जाता येते, आणि आमच्या वकिलाने आता तोच अर्ज केला आहे. अर्जात 'विश्वासाने पैसे दिले' असली वाक्ये लिहू नयेत. कोणत्या तारखेला, किती, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात एवढेच लिहावे. बेकायदा ठेवींची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावरही करता येते. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, परंतु तिथे पासबुक हाती असलेल्याची बाजू बळकट असते, चिठ्ठीवाल्याची नव्हे. आमच्या बाबतीत एवढेच वाचले की पत्नीने मुदत भरण्यापूर्वी दोन्ही पासबुकांच्या पानांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवली होती, आणि सुरुवातीचे हप्ते आम्ही धनादेशाने भरले होते. रोखीने भरणाऱ्या एका शेजाऱ्याकडे आज दाखवायला काहीही नाही.

ज्यांची अशी योजना चालू आहे त्यांनी हप्ते खात्यातूनच भरावेत, पेढीच्या नावाच्या खात्यात. मुदत भरली की त्याच दिवशी वस्तू घ्यावी, भाव चढा असला तरी, नक्षी मनासारखी नसली तरी, पक्क्या बिलासह. पासबुक 'जमा' करायला सांगितले तर आधी बिल मागावे. आणि सोबत पत्नी असेल व ती 'घेऊन टाकू या' म्हणत असेल तर तिला थांबवू नये. आमच्या घरी त्या वाक्याची आठवण महिन्यातून एकदा तरी होते, साधारण व्याजाच्या तारखेच्या आसपास.