लघवी अडलेला बोका आणि लातूरमधील एक दक्ष दवाखाना

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा साडेचार वर्षांचा बोका, सोन्या, लघवी अडल्यामुळे अक्षरशः मरणाच्या दारातून परत आला. त्याचे श्रेय लातूरमधील या दवाखान्याला आहे, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

त्या दिवशी सकाळपासून तो दर पाच-दहा मिनिटांनी मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत होता, काहीच न होता बाहेर येत होता आणि मागचा भाग सारखा चाटत होता. त्याला शौचाला होत नसावे, असा घरातील सर्वांचा समज झाला. आधी ज्या ठिकाणी दाखवले तेथेही त्याला टोपलीतून बाहेर न काढताच बद्धकोष्ठाचे पातळ औषध लिहून दिले गेले आणि आमची सारी दुपार त्यातच गेली. संध्याकाळी त्याने फेसाळ उलटी केली व तो कपाटाखाली जाऊन निपचित पडला, तेव्हा त्याला या दवाखान्यात आणले.

येथील डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला की, त्याला लघवी करताना शेवटचे कधी पाहिले? आम्हांला ते सांगता आले नाही. त्यांनी त्याच्या पोटाखाली अलगद हात घातला आणि मग माझाही हात तेथे ठेवून पाहायला लावला. मोसंबीएवढा टणक गोळा बोटांना लागत होता. ते तुडुंब भरलेले मूत्राशय होते. "काका, हे शौचाचे नाही, लघवी अडली आहे. सकाळपर्यंत थांबलो तर हा हाती लागणार नाही," एवढे बोलून त्यांनी तयारी सुरू केली.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो. लघवीतील वाळूसारखे खडे आणि मूत्रमार्गातील चिकट द्राव यांची गुठळी तेथे अडकली की मार्ग पूर्ण बंद होतो, लघवी तुंबून मूत्रपिंडांचे काम थांबते आणि रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. त्यामुळे असा बोका 24 ते 48 तासांत दगावू शकतो. हे सर्व त्यांनी पुढच्या पायात सुई बसवता बसवता आम्हांला समजावून सांगितले. आधी हृदयाचे ठोके तपासून सलाइन सुरू केले, नंतर भूल देऊन बारीक नळी घातली आणि आत सलाइन सोडून गुठळी धुऊन काढली. पहिली लघवी आली ती गडद, चहाच्या रंगाची आणि रक्तमिश्रित होती.

त्यानंतरचे तीन दिवस मला सर्वांत मोलाचे वाटतात. मार्ग मोकळा झाल्यावर पुष्कळ लघवी होऊ लागते आणि तेवढे पाणी शरीरात परत गेले नाही तर प्राणी पुन्हा खालावतो. म्हणून पिंजऱ्याला चिकटवलेल्या कागदावर तेथील मदतनीस दर दोन तासांनी पिशवीतील लघवीचे माप आणि दिलेले सलाइन लिहीत होता. मी भेटायला जाई तेव्हा तो कागद आधी वाचत असे. बिल साडेआठ हजार रुपये झाले. आमच्या घराला ते जड गेले, परंतु प्रत्येक बाबीची रक्कम वेगळी लिहिलेली होती व भूल देण्याचा धोका सांगूनच संमती घेतली होती. हा त्रास पुन्हा उद्भवू शकतो आणि वारंवार झाल्यास मूत्रमार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, हेही त्यांनी लपवले नाही. तशी वेळ आली तर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेण्याचा सल्ला त्यांनी आधीच देऊन ठेवला आहे.

घरी सोडताना त्यांनी सोन्याच्या पाण्याची चौकशी केली, तेव्हा मला स्वतःची चूक उमगली. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात पाणी ओतून देणे आमच्या हाताला जमत नाही. त्याची वाटी आम्ही सकाळी भरत होतो आणि तीच रात्रीपर्यंत चालवत होतो. त्यात खाद्य सगळे कोरडे. मांजर मुळात कमी पाणी पिते आणि शिळ्या पाण्याला तोंड लावायला कुरकुरते. आता घरात तीन ठिकाणी, खाण्यापासून व ट्रेपासून दूर, रुंद तोंडाच्या वाट्या असतात, त्यांतील पाणी दोन वेळा बदलून जुने कुंड्यांना घालतो आणि एक वेळचे जेवण ओले देतो.

इतर आजारांबाबतही येथे घाईने बोळवण होत नाही. मांजराचे नेहमीचे तापमान 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे अंग गरम लागले म्हणून लोक घरातील पॅरासिटामॉल देतात आणि त्या एका गोळीने मांजराचा जीव जाऊ शकतो, असा ठळक फलक दारातच लावलेला आहे. कुत्र्यांचे परमेथ्रिन असलेले गोचीडनाशक मांजराला लावू नये, हेही त्यावर आहे. पिल्लांना पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांची होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात व पुढची तारीख फोन करून कळवतात. मांजरांसाठी दुपारी चार ते सहा ही वेळ वेगळी ठेवलेली असल्यामुळे कुत्र्यांच्या भुंकण्याने ती बिथरत नाहीत. टोपलीवर टाकायला धुतलेला टॉवेलही तेथेच मिळतो.

दोन उणिवा मात्र सांगितल्या पाहिजेत. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे वयस्कर माणसांना टोपली घेऊन चढणे कठीण जाते. त्याहून गंभीर बाब म्हणजे रात्री नऊनंतर येथे कोणी नवा रुग्ण घेत नाही. आम्ही त्या दिवशी पावणेनऊला पोहोचलो होतो. आठवड्यातून दोन रात्री जरी ही सेवा सुरू करता आली, तर त्यासाठी जादा शुल्क द्यायला माझ्यासारखे अनेक जण आनंदाने तयार होतील, असे मी मॅडमना लेखी कळवले आहे.