तिहुआना, कॅनकून, काबो की वायार्ता: मेक्सिकोतली रात्र कुठे घालवायची?

अमेरिकेतल्या मराठी मित्रमंडळींचं मेक्सिकोला जायचं ठरलं की ग्रुपमध्ये लगेच दोन तट पडतात. सॅन डिएगो-एलएवाले म्हणतात, सीमा ओलांडून तिहुआनाला जाऊ, विमानाचा खर्च कशाला. बाकीचे कॅनकून, काबो किंवा पुएर्तो वायार्तावर अडून बसतात, कारण समुद्र हवा. मग सगळी चर्चा तिकिटांच्या भावावर घसरते आणि रात्री नऊनंतर आपल्याला नेमकं काय करायचंय, हे कुणी विचारतच नाही. खरं तर ठरवायचं ते त्यावरूनच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहाटेपर्यंत नाचायचं असेल तर कॅनकून. खाणं, पिणं आणि गाणं हवं असेल तर तिहुआना. बरोबर आईवडील असतील, किंवा गटात प्रत्येकाची आवड वेगळी असेल, तर वायार्ता. काबोला बिल दुसरं कुणी भरणार असेल तर जरूर जावं.

तिहुआना

या गावाची रात्र अमेरिकेनंच घडवली. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, आणि सीमेच्या अलीकडे तहानलेला कॅलिफोर्निया होता. आव्हेनिदा रेव्होलुसिओन या रस्त्यावर बारची रांग लागली. १९२८ मध्ये आग्वा कालिएंते नावाचा आलिशान कॅसिनो उभा राहिला आणि हॉलिवूडची मंडळी तिथे येऊ लागली. १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी जुगारावर बंदी घातली आणि कॅसिनो बंद पडला. बार मात्र राहिले. मेक्सिकोत दारू पिण्याचं वय १८, अमेरिकेत २१. एवढ्या तीन वर्षांच्या फरकावर रेव्होलुसिओननं पुढची कित्येक दशकं धंदा केला. कार्लोस सांताना पोरवयात याच रस्त्यावरच्या क्लबांत गिटार वाजवायचा.

मग २००१ नंतर सीमेवरची तपासणी कडक झाली, परतीची रांग तासन्‌तास लांबली. २००८ च्या सुमारास टोळीयुद्ध पेटलं आणि अमेरिकन गिऱ्हाईक जवळजवळ नाहीसं झालं. तिहुआनाच्या रात्रीचं भलं झालं ते इथे. रिकाम्या पडलेल्या जागा गावातल्याच तरुणांनी घेतल्या. काये सेक्स्ता, म्हणजे सहाव्या गल्लीत, जुन्या कँटिनांच्या, म्हणजे गावठी बारच्या, शेजारी मेस्काल या मेक्सिकन दारूचे छोटे बार आले. प्लासा फिएस्ता नावाच्या जुनाट शॉपिंग सेंटरमध्ये क्राफ्ट बिअरवाल्यांनी बस्तान बसवलं. आज तिथे शनिवारी रात्री आजूबाजूला बसलेले बहुतेक लोक तिहुआनाचेच असतात. तुमच्यासाठी कुणी काही मांडून ठेवलेलं नसतं. त्यांची रात्र चालू असते आणि तुम्ही त्यात जाऊन बसता. मला हेच आवडतं. ज्यांना हे आवडत नाही, त्यांना तिहुआना कळकट वाटतं, आणि तेही अगदी खोटं नाही.

संध्याकाळची सुरुवात सीझर्समध्ये करा. हो, सीझर सॅलडवालं. सीझर कार्डिनी या इटालियन गृहस्थाच्या तिहुआनातल्या हॉटेलात ते १९२४ मध्ये पहिल्यांदा झालं असं सांगतात. आजही वेटर ढकलगाडी टेबलापाशी आणतो. मोठ्या लाकडी वाडग्यात लसूण, मोहरीची पेस्ट आणि अँचोव्ही चमच्यानं रगडतो, अंड्याचा बलक घालतो, लिंबू पिळतो, तेलाची बारीक धार सोडत घोटत राहतो, शेवटी चीज. मग रोमेन लेट्यूसची अख्खी पानं त्यात घोळवून ताटलीत निजवतो. शाकाहारी मंडळींनी वाचलं असेलच: अँचोव्ही म्हणजे मासे. अमेरिकेत वर्षानुवर्षं ‘सॅलडच तर आहे’ म्हणून सीझर खाणाऱ्या अनेकांना हा धक्का इथेच बसतो. वेटरला आधी सांगितलं तर तो मासे न घालता करून देतो, कारण सगळं तुमच्या डोळ्यांसमोरच चाललेलं असतं.

नंतर गाणं. नॉर्तेन्यो, म्हणजे उत्तर मेक्सिकोच्या, संगीतात ॲकॉर्डियन आणि बाखो सेक्स्तो नावाची बारा तारांची गिटार असते. ठेका पोल्काचा, कारण हा बाज टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत आलेल्या जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांच्या वाद्यांतून आला. कँटिनात ही मंडळी टेबलाटेबलावर फिरतात आणि दर गाण्यामागे पैसे घेतात. भाव आधी विचारा. तिसऱ्या गाण्यानंतर विचारलात तर तो वाढलेला असतो. टोळ्यांच्या नायकांचे पोवाडे गाणारी नार्कोकॉरिदो मात्र मागू नका. तिहुआनाच्या नगर परिषदेनं २०२३ मध्ये ती गाण्यावर बंदी घातली आहे. नाचायचंच असेल तर रेव्होलुसिओनवरच्या लास पुल्गासमध्ये जा. तिथे बांदा (पितळी वाद्यांच्या बँडचं संगीत) आणि नॉर्तेन्योवर जोडप्यानं नाचतात, आणि साठीतले काकाही तुमच्यापेक्षा बरे नाचतात. शुक्रवारची रात्र असेल तर लुचा लिब्रेची, म्हणजे मुखवटेवाल्या कुस्तीची, जाहिरात कुठे दिसते का पाहा. पोरंसोरं, आज्या, सगळं घरच्या घर येऊन मनसोक्त शिव्या घालत असतं.

रस्त्यावर झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेलं गाढव दिसेल. जुन्या कृष्णधवल फोटोत पांढरं गाढव नीट उठून दिसायचं नाही, म्हणून पट्टे आले म्हणतात. फोटो काढायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला त्या गाढवाची दया येते.

आता आडून न बोलता एक गोष्ट. तिहुआनाच्या रात्रीबद्दल इंटरनेटवर शोधलं की समोर येतो तो बराचसा मजकूर सोना नोर्ते या वेश्यावस्तीचा असतो. रेव्होलुसिओनच्या उत्तर टोकाच्या मोठ्या कमानीपाशी हा भाग सुरू होतो. तिथल्या बारमध्ये शेजारी येऊन बसणाऱ्या बाईसाठी तुम्ही मागवलेल्या प्रत्येक पेयाची ‘फिचा’, म्हणजे टोकन, बिलात चढते, आणि त्या बाया तिथे कशा आणल्या गेल्या हे कुणी सांगत नाही. बॅचलर पार्टीतला एखादा उत्साही मित्र तिकडे ओढेल. मी तरी कमानीपासून दक्षिणेला चालू लागेन.

सीमेवरची बाकीची गावं थोडक्यात. रोसारितो म्हणजे किनाऱ्यावरची बिअर आणि कॉलेजची पोरं, तिशी ओलांडली असेल तर वगळा. एन्सेनादात १८९२ पासून चालू असलेली हुसाँग्स ही कँटिना आहे. जमिनीवर लाकडाचा भुसा आणि शेंगदाण्याची टरफलं, आणि एका वेळी दोन-दोन बँड वाजत असतात. दुपारीच जा. एल पासोवाल्यांसाठी पूल ओलांडून सिउदाद ह्वारेसमधला १९२० चा केंटकी क्लब आहे. मार्गारिटा हे कॉकटेल आपणच शोधलं असं तो सांगतो; हुसाँग्सही तेच सांगतं. टेक्सासच्या दक्षिणेची मातामोरोस आणि रेनोसा ही गावं सोडून द्या. २०२३ च्या मार्चमध्ये मातामोरोसमध्ये चार अमेरिकनांचं दिवसाढवळ्या अपहरण झालं, दोघे मारले गेले.

कॅनकून आणि खालचा किनारा

तिहुआना आपोआप वाढलं, कॅनकून कागदावर आखलं. मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेला परकीय चलन हवं होतं, म्हणून १९७० मध्ये जवळपास निर्जन वाळूच्या पट्टीवर काम सुरू झालं आणि १९७४ मध्ये पहिली हॉटेलं उघडली. एका बाजूला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला निचुप्ते खाडी, मध्ये वीसेक किलोमीटर लांबीची सातच्या आकड्यासारखी पट्टी. इथे पत्ताही किलोमीटरमध्ये सांगतात. रात्रीचा मुक्काम किलोमीटर ९, पुंता कॅनकून. कोको बोंगो, मांडाला आणि त्यांचे भाऊबंद सगळे हाकेच्या अंतरावर. बागा बीचची क्लबांची गल्ली दहापट पैसे ओतून बांधली तर साधारण असं दिसेल.

कोको बोंगो हा नुसता डिस्को नाही. बारवर पोरं नाचत असतात, तेवढ्यात दिवे जातात आणि डोक्यावरून तारेला लटकलेले कसरतपटू जातात. मग मायकेल जॅक्सनचा तोतया, मग कुणा सिनेमातला प्रसंग, मध्येच फुगे आणि कागदाच्या कपट्यांचा पाऊस. हे पहाटेपर्यंत चालतं. साध्या तिकिटात दारू ‘बारा लिब्रे’, म्हणजे हवी तितकी, पण बसायला जागा नाही. पाच-सहा तास उभं राहायची तयारी ठेवा, नाहीतर वरचं महागडं तिकीट घ्या. एकदा पाहावं असं हे नक्की आहे. दुसऱ्यांदा जाणारा माणूस मला भेटलेला नाही.

कॅनकूनचा खरा फायदा म्हणजे डोकं चालवावं लागत नाही. पट्टीवर रात्रीही बस चालते, सगळ्यांना इंग्रजी येतं, हॉटेल दोन पावलांवर. दहा जणांचा गट, त्यात तीन जणांची पहिलीच परदेशी सहल, अशा वेळी हे फार मोलाचं असतं. तोटाही त्यातलाच: मेक्सिको कुठे दिसत नाही. त्यावर उतारा म्हणून एक संध्याकाळ शहरातल्या पार्के दे लास पालापासमध्ये काढा. तिथे हॉटेलांत राबणारी माणसं आपल्या पोरांना घेऊन येतात, मार्केसिता नावाची चीज भरलेली कुरकुरीत गुंडाळी खातात, आणि खर्च जेमतेम होतो. मार्चमध्ये मात्र अमेरिकन कॉलेजांची स्प्रिंग ब्रेकची झुंड येते. तेव्हा विशीतले नसाल तर कॅनकूनचं नावही काढू नका. उन्हाळ्यात किनाऱ्यावर सारगासमचं कुजकं शेवाळ साचतं, आणि जून ते नोव्हेंबर वादळांचे.

तासाभरावरचं प्लाया देल कार्मेन मला कॅनकूनपेक्षा बरं वाटतं. किंता आव्हेनिदा हा पायी फिरायचा रस्ता, बाराव्या गल्लीत क्लब, आणि कंटाळा आला की चालत खोलीवर परत. मात्र जानेवारी २०१७ मध्ये इथल्या संगीत महोत्सवात गोळीबार होऊन पाच जण मारले गेले, आणि तो महोत्सव गावातून हद्दपार झाला. तुलूम आणखी खाली. जंगलातल्या पार्ट्या, डीजे, इन्स्टाग्राम, आणि भाव ऐकून घाम फुटतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे एका रेस्टॉरंटमध्ये ड्रग विक्रेत्यांच्या गोळीबारात दोन परदेशी महिला बळी पडल्या, त्यातली एक कॅलिफोर्नियात राहणारी आपली भारतीय मुलगी होती. रिसॉर्ट म्हणजे सुरक्षित आणि सीमा म्हणजे धोका, असा सरळ हिशेब नाही. गोळ्या बहुतेक वेळा ड्रगच्या धंद्याभोवती चालतात, आणि तो धंदा पर्यटकांच्या मागणीवर पोसला जातो. क्लबबाहेर कुणी कानात काही कुजबुजलं तर थांबूच नका.

काबो

काबो सान लुकासमध्ये रात्र बंदराच्या आसपासच्या काही चौकांत आटोपते. स्क्विड रो हा बहुमजली गोंधळ, रॉक गायक सॅमी हेगरचा १९९० मधला काबो वाबो बार, आणि दिवसभर मेदानो बीचवरचे बार. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं अमेरिकन, भावही डॉलरमधले. क्लबपेक्षा मला शेजारचं सान होसे देल काबो पटतं. तिथे नोव्हेंबर ते जून दर गुरुवारी संध्याकाळी चित्रदालनं उघडी असतात आणि लोक हातात वाइनचा पेला घेऊन फिरतात.

पुएर्तो वायार्ता

इथे एकाच रस्त्यावर तीन पिढ्यांची सोय होते. मालेकोन हा समुद्रालगतचा पायी फिरायचा रस्ता. संध्याकाळी तिथे उंच खांबावर वोलादोरेस चढतात. पाच माणसं: एक टोकावर बसून बासरी आणि छोटा ढोल वाजवतो, बाकीचे चौघे पायाला दोर बांधून उलटे झोकून देतात आणि गोल फिरत फिरत खाली येतात. परंपरेनं प्रत्येकाचे तेरा फेरे, चौघांचे मिळून बावन्न, जुन्या मेक्सिकन पंचांगातल्या कालचक्राची वर्षं तितकी. आईबाबा तोंड उघडं टाकून बघत राहतात. पुढे आईस्क्रीम, मारियाची वादकांचे ताफे, बाकावर गप्पा. याच रस्त्यावर रात्री अकरानंतर क्लब जागे होतात, तेव्हा ज्येष्ठांना खोलीवर सोडून तुम्ही मोकळे. नदीपलीकडचा सोना रोमांतिका भाग समलिंगी पर्यटकांमध्ये प्रसिद्ध आहे. तिथले ड्रॅग शो (बायकांच्या वेशातल्या पुरुषांचे कार्यक्रम) आणि छोटे कॅबरे उत्तम असतात, आणि कुणीही गेलं तरी चालतं. हलिस्को हे राज्यच टकीला आणि मारियाचीचं, त्यामुळे दोन्ही गोष्टी इथे अस्सल. टकीलाची गावठी बहीण राइसिया चाखून बघा. राज्यात टोळ्यांचा जोर आहे हे खरं, म्हणून निघण्याआधी अमेरिकी परराष्ट्र खात्याची सूचना वाचूनच ठरवा.

आकापुल्को का नाही, असं कुणी विचारेल. एके काळी या सगळ्यांचा बाप होता तो. पण आधी हिंसाचार आणि मग ऑक्टोबर २०२३ मधलं ओटिस वादळ, यांनी त्याची कंबर मोडली.

निघण्याआधी

अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्टमधल्या अमेरिकी व्हिसाच्या स्टँपची मुदत संपलेली असेल तर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, मग तिहुआना कितीही जवळ असो. ई-सिगारेट घरी ठेवा, मेक्सिकोत ती चालत नाही. साधी सिगारेटही २०२३ पासून किनाऱ्यावर आणि हॉटेलांत ओढता येत नाही. फुकटच्या दारूत भेसळ झाल्याच्या तक्रारी रिसॉर्टांमधूनही आलेल्या आहेत, तेव्हा बाटलीबंद बिअर बरी. बिल पेसोत भरा, डॉलरचा भाव दुकानदार स्वतःच्या सोयीनं लावतो.

शाकाहाऱ्यांनी बीन्स मागवताना ‘सिन मान्तेका’ म्हणायला शिकावं, कारण ते बहुधा डुकराच्या चरबीत परततात. रात्री दोन वाजता भूक लागली तर एस्कितेस शोधा: पेल्यात उकडलेले मक्याचे दाणे, लिंबू, तिखट, चीज, मेयो.

आणि वायार्ता, काबो किंवा कॅनकूनला जायचं असेल तरी तिहुआनाला टाळायची गरज नाही. सॅन डिएगोच्या बाजूनं थेट तिहुआना विमानतळात उतरणारा सीबीएक्स नावाचा पादचारी पूल २०१५ पासून आहे, विमानाचं तिकीट असणाऱ्यांसाठी. देशांतर्गत तिकिटं बऱ्याचदा अमेरिकेतून उडण्यापेक्षा स्वस्त पडतात. येताना एक रात्र तिहुआनात काढून सान इसिद्रोहून चालत परतायचं असेल, तर रविवारी सकाळी लवकर निघा. दुपारनंतर ती रांग दोन-तीन तासांची होते आणि तिथे सावली नसते.