मायक्रो सेट आणि मायक्रो सोल: बरेच महिने वापरल्यावर

प्लास्टिकच्या मॉडेलवर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ छापील चित्रं) बसवायला लागणाऱ्या, मायक्रोस्केलच्या या दोन बाटल्या गेले बरेच महिने टेबलावर आहेत, निळ्या लेबलची सेट आणि लाल लेबलची सोल. दोन्ही घ्यायच्या की एकीवर भागतं असं सारखं कोणी ना कोणी विचारतं म्हणून लिहितोय. एकच घ्यायची तर सोल घ्या, सेटचं काम साध्या पाण्यावर थोडंफार ढकलता येतं.

सेट डेकल ठेवायच्या आधी लावायचं, व्हिनेगरसारखा वास येतो, डेकल सरकवायला सोपं जातं आणि चिकटतंही नीट. सोल मात्र डेकल बसवल्यावर वरून लावायचं, ते डेकल मऊ करून खालच्या उंचसखलपणावर बसवतं. सोलचा खरा कस लागला मिग-२१ या लढाऊ विमानाच्या मॉडेलवर. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला ही विमानं निवृत्त झाली तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या नाशिकजवळच्या ओझरला एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बनवलेलं टाइप ७७, म्हणजे मिग-२१ एफएल करायचं, चंदेरी, १/७२ प्रमाणात. पंखावरचा राउंडेल (हवाई दलाचं गोल चिन्ह) बसवला, कॉटन बडने मधून कडेकडे पाणी काढलं आणि वरून ब्रशने सोल फिरवलं, तर दोन-चार मिनिटांत अख्खा राउंडेल दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला!! इथेच नवीन माणूस घाबरून बोट लावतो आणि डेकल फाटतं. हात बांधून बसायचं, बस. सुकताना ते आपोआप सपाट होतं आणि खालची पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडाची कोरलेली रेघ) वर दिसायला लागते, जणू रंगवलंयच.

आता कुरकुर. जाड फिल्मच्या (छपाईखालच्या पारदर्शक थराच्या) डेकलवर सोल मवाळ पडतं, तीनदा-चारदा लावा, मधे पूर्ण सुकू द्या, तरी रिव्हेटवर ताणलेलं राहतंच. तिथे मिस्टर मार्क सॉफ्टर किंवा तामियाचं मार्क फिट स्ट्राँग ही सोलसारखीच द्रावणं जास्त कामाची, पण ती तेवढीच जहालही आहेत, अॅक्रिलिक रंगावर आधी कोपऱ्यात टेस्ट करा. त्यांच्या झाकणाला ब्रश असतो, मायक्रोच्या बाटल्यांना नसतो, दोन ब्रश वेगळे ठेवावे लागतात. आणि चंदेरी रंगावर सोलचा ओघळ सुकला की डाग राहतो, ओल्या कॉटन बडने लगेच टिपायचा.

पण मॅट रंगावर थेट डेकल लावून सिल्व्हरिंग झालं (डेकलखाली पांढुरकी चमक दिसली) की लोक बाटलीला शिव्या देतात, ते काही पटत नाही. खरखरीत रंगात हवा अडकते तीच पांढुरकी दिसते, सोल तिथे काय करणार बिचारं. आधी ग्लॉस कोट, म्हणजे गुळगुळीत चमकदार थर हवाच, मी तामियाचं एक्स-२२ क्लिअर लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ करून मारतो आणि पावसाळ्यात तर दोन दिवस त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. तरी कुठे चंदेरी ठिपका राहिलाच तर बारीक सुईने टोचून वर सोलचा थेंब सोडा, बऱ्याचदा जातो. शेपटीवरच्या नंबरासारख्या मोठ्या अक्षरांच्या मधली कोरी फिल्म मात्र ब्लेडने आधीच कापून टाका, धातूच्या रंगावर ती लपवायला कुठलीच बाटली पुरत नाही.