गाडीतून न उतरता बंदूक परत : चर्चच्या एका उपक्रमाचा अनुभव

वडिलांच्या नावावरची एकनळी बाराबोर बंदूक जमा करण्यासाठी मी गोव्यातील एका पोलीस ठाण्यात सात खेपा घातल्या आहेत. त्यामुळे अमेरिकेतील एका चर्चच्या आवारात तेच काम एका वृद्ध बाईंनी पाव तासाच्या आत उरकलेले पाहिले, तेव्हा कौतुकाच्या आधी मला थोडी असूयाच वाटली. हा अभिप्राय त्या उपक्रमाविषयी आहे. मी तो गोव्यात राहणारा आणि घरात पन्नास वर्षे परवान्याची बंदूक पाहिलेला माणूस म्हणून लिहितो आहे.

मी मुलीकडे दोन महिन्यांसाठी गेलो होतो. तिच्या शेजारच्या बाईंचे यजमान शिकारीचे शौकीन होते. ते गेल्यावर त्यांची रायफल आणि एक पिस्तूल कपाटातच राहिले. सुट्टीत नातवंडे येऊ लागली, तशी त्या बाईंची झोप उडाली. विकावे तर ते कोणाच्या हाती जाईल याची धास्ती, आणि फेकून देण्याची ती वस्तू नव्हे. जवळच्या चर्चने एका शनिवारी नको असलेल्या बंदुका परत घेण्याचे ठरवले आहे असे कळले, आणि त्यांना गाडी चालवता येत नसल्याने माझी मुलगी त्यांना घेऊन निघाली. मीही मागच्या आसनावर बसलो.

चर्चने छापील पत्रक आधीच घरोघर वाटले होते आणि त्यातील सूचना इतक्या नेमक्या होत्या की कोणाला काही विचारण्याची वेळच येऊ नये. बंदूक घरीच रिकामी करायची, डिकीत ठेवायची, काडतुसे वेगळ्या पिशवीत घालायची, आवारात शिरल्यावर गाडीतून उतरायचे नाही आणि बंदुकीला स्वतः हात लावायचा नाही. बंदूक तुमच्याकडे कशी आली हे कोणी विचारणार नाही, हे वाक्य तेवढे ठळक अक्षरांत होते. दाराशी पिवळी जाकिटे घातलेले स्वयंसेवक गाड्या एकामागून एक पुढे घेत होते. एका निवृत्त पोलिसाने डिकीतली दोन्ही शस्त्रे उचलली, ती रिकामी असल्याची खात्री केली आणि मगच ती मंडपाकडे नेली. मोबदल्याचा फलक समोरच लावलेला होता : लांब नळीच्या बंदुकीला ५० डॉलर, पिस्तुलाला १००, अर्धस्वयंचलित रायफलीला २००. ही रक्कम रोख मिळत नाही, तेवढ्या किमतीचे किराणा दुकानाचे कार्ड मिळते.

मंडपाखाली जे यंत्र होते ते आपल्याकडे कोणत्याही वेल्डिंगवाल्याकडे दिसते तसले, लोखंड कापायचे गोल चक्र. रायफल त्याखाली धरण्यापूर्वी स्वयंसेवकाने गाडीजवळ येऊन बाईंना विचारले की दस्त्याचे लाकूड तुम्हाला हवे आहे का. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा होता आणि जिथे यजमानांचा गाल टेकत असे तिथले पॉलिश उडून लाकूड फिकट पडले होते. बाईंनी मान हलवली. त्याने स्क्रू काढून दस्ता अलग केला, फडक्याने पुसला आणि खिडकीतून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यानंतर चक्र सुरू झाले, ठिणग्या उडाल्या, जळक्या लोखंडाचा वास गाडीत शिरला आणि नळी व मधला भाग तुकडे होऊन पत्र्याच्या बादलीत पडले. बाई काही बोलल्या नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी दस्ता मांडीवरून खाली ठेवला नाही.

मालकाच्या डोळ्यांदेखत कापण्यामागे कायद्याचाही एक हिशेब आहे आणि तो मला फार आवडला. तुकडे होईपर्यंत बंदूक मूळ मालकाचीच राहते, चर्चकडे हस्तांतर असे होतच नाही, आणि चर्चच्या हाती जे येते ते केवळ भंगार असते. दुसरे असे की अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे मुख्यतः नंबर कोरलेला मधला भाग. तेवढाच चिरडला तरी बंदूक नष्ट झाली असे मानले जाते. अनेक शहरांनी नष्ट करण्यासाठी ठेकेदारांना दिलेल्या बंदुकांचे उरलेले भाग सुट्या संचांच्या रूपाने पुन्हा बाजारात विकले जातात, हे डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले होते. नळीसकट सगळे समोरच कापले, की ही पळवाट उरत नाही. तुकडे पुढे लोहाराकडे जातात आणि त्यांची बागकामाची अवजारे होतात. बायबलमधील यशयाच्या ग्रंथातील तलवारींचे नांगराचे फाळ करण्याची कल्पना उचलून कोलोराडो स्प्रिंग्ज येथील रॉटूल्स ही संस्था २०१३ पासून हेच काम करते आहे. आम्ही गेलो त्या ठिकाणी असे एक खुरपे नमुना म्हणून टेबलावर ठेवले होते. ते हातात घेतले तर चांगले वजनदार होते, पण मूठ आखूड. आमच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, ते दोन दिवस टिकले नसते.

आता आमच्या बंदुकीचे सांगतो. गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत शेतीरक्षणाच्या परवान्यावर घरात बंदूक असणे ही नवलाची गोष्ट नाही. खेती म्हणजे माकडे नारळ-केळी ठेवत नाहीत, रानडुकरे एका रात्रीत सुरणाचा वाफा उकरून टाकतात आणि अशा वेळी हवेत एक बार काढला की निदान त्या दिवसापुरती शांतता मिळते. खंडेनवमीला आमची बंदूक पाटावर मांडून तिला झेंडूचे फूल वाहिले जाई. लोकसभेची आचारसंहिता लागली की ती ठाण्यात जमा करावी लागे, आणि ते दिवस नेमके काजूच्या हंगामाचे. वडील गेल्यावर आम्हा भावंडांपैकी कोणालाही परवाना नको होता, म्हणून कायमची जमा करायला गेलो. कधी मृत्यूचा दाखला साक्षांकित नव्हता, कधी बहिणीचे ना-हरकत पत्र जुन्या नमुन्यात होते, कधी शस्त्रांच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो हवालदार बंदोबस्ताला गेलेला होता. ‘काका, फाल्यां येयात,’ म्हणजे उद्या या, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की पुढे पुढे दारातूनच परतू लागलो. आणि या साऱ्या काळात बंदूक घरीच, मेलेल्या माणसाच्या परवान्यावर. शेवटी पावती मिळाली ती ‘एक जुनी बंदूक’ एवढ्या शब्दांची. नंबर घालून घेण्यासाठी मला पुन्हा थांबावे लागले.

म्हणून त्या चर्चला सोयीसाठी आणि सौजन्यासाठी मी पुरेपूर गुण देईन. अशा उपक्रमाने गुन्हे कमी होतात हा दावा मात्र मला मान्य करता येत नाही. बाल्टिमोर शहरात १९७४ साली पोलिसांनी दर बंदुकीला ५० डॉलर देऊन सुमारे १३,५०० बंदुका गोळा केल्या, तरी त्या काळात बंदुकीने होणारे खून कमी झाले नाहीत. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००४ च्या अहवालात या कल्पनेची मांडणीच सदोष ठरवली. कारणही उघड आहे : ज्याला बंदूक वापरायची आहे तो ती आणून देत नाही, आणि जो देतो त्याला दुकानातून दुसरी घेण्यापासून कोणी अडवत नाही. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण लोक देतात, पण तिथे १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसे मारली गेल्यानंतर कायदाच बदलला, ठरावीक प्रकारच्या बंदुका बाळगणे बेकायदा झाले आणि मग सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेतल्या. चर्चच्या शनिवारची तुलना त्याच्याशी होऊ शकत नाही. रांगेत मी ज्यांना पाहिले ते बहुतेक विधवा, वारस किंवा लहान मुले असलेले आईबाप होते. त्यांच्या कपाटातून एक धोका कमी झाला, एवढ्यापुरता मी हा उपक्रम चांगला म्हणतो, आणि ते मला थोडे वाटत नाही.

आपल्या ओळखीच्या मोझांबिकमध्ये हेच काम अधिक कणखरपणे झाले आहे. १७५२ पर्यंत त्या मुलखाचा कारभार गोव्यातून चाले आणि तिथे राहून आलेली घरे अजून आपल्यात आहेत. तिथले यादवी युद्ध १९९२ मध्ये संपले, पण हत्यारे जमिनीत पुरलेली, झाडांत लपवलेली राहिली. १९९५ मध्ये बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने तिथल्या ख्रिस्ती परिषदेने शस्त्रांच्या बदल्यात शिवणयंत्रे, सायकली आणि कुदळी द्यायला सुरुवात केली. उपक्रमाच्या पोर्तुगीज नावातच ‘एन्शादा’ म्हणजे कुदळ हा शब्द आहे. गोळा झालेल्या रायफलींपासून केश्टर या कलावंताने २००१ साली घडवलेली खुर्ची आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच देशाच्या ध्वजावर आजही एके-४७ आणि कुदळ एकमेकींवर तिरप्या आहेत, हा योगायोग मला नेहमी चक्रावून टाकतो. किराणा कार्डापेक्षा शिवणयंत्र मला जास्त पटते, कारण ते घरात वर्षानुवर्षे चालते.

गोव्यात चर्चने किंवा देवस्थान समितीने असे काही करावे का, असे मला परतल्यावर दोघांनी विचारले. बंदूक ताब्यात घेणे त्यांना शक्य नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडेच जमा करावी लागते. विहित मुदतीत ती विकून रक्कम घेण्याचा हक्क याच कलमात आहे, जो मला सात खेपांत एकदाही कोणी सांगितला नाही. कागद तयार करून देणे, नमुने मराठी-कोंकणीत समजावणे आणि ठाण्यापर्यंत सोबत जाणे एवढे कोणीही करू शकतो.

चर्चच्या सेवेत मला एकच मोठी उणीव दिसली : बंदूक नष्ट झाल्याचा कागद दिला नाही. उद्या मालमत्तेची यादी करताना बाईंच्या मुलांना तो लागेल. मी स्वयंसेवकाला तसे सांगितले, तेव्हा त्याने बादलीतला नंबराचा तुकडा काढून मुलीला फोनवर त्याचे छायाचित्र घेऊ दिले. ज्यांचे नातेवाईक तिकडे असतील त्यांनी त्या राज्याचे नियम आधी पाहून घ्यावेत, लवकर पोहोचावे, कारण कार्डे संपल्यावर पुढच्यांना नुसतेच आभार मिळाले, आणि पूर्ण बंदूक कापणार की फक्त मधला भाग, हे गाडी रांगेत लावण्यापूर्वी विचारावे.